ताज बंद होता म्हणून

आग्र्याला जाऊन ताजमहाल न पाहता परत आलेले जोडपे तुम्ही कधी पाहिले आहे काय? पाहिले नसेल तर आमच्या घरी चहाला या. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, ही गोष्ट आग्र्यातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. आम्हाला ती स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याने सांगितली. आणि सांगताना तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

चूक अर्थात ह्यांची. पण तिच्यामागे थोडा इतिहास आहे. आमची लेक लग्नानंतर दिल्लीला गेली, तिथेच नोकरीला लागली. दोन वर्षे ती आम्हाला बोलावत होती आणि दोन वर्षे हे काही ना काही कारण काढत होते. एकदा गुडघा, एकदा पाऊस, एकदा शेजाऱ्यांची मुंज. खरे कारण वेगळेच होते. ह्यांच्या आजोबांनी लेकीच्या घरचे पाणीसुद्धा कधी घेतले नव्हते म्हणे. हे तितके कर्मठ नाहीत. पण लेकीच्या घरी राहायचे म्हटले की ह्यांचा जीव अवघडतो. "मुलीचं घेऊ नये, मुलीला द्यावं," हे ह्यांचे सूत्र. उभा जन्म गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे सूत्र एकदा सिद्ध झाले की ते बदलत नाही!

शेवटी मी हट्टच धरला. तेव्हा ह्यांनी कॅलेंडर पुढे ओढून हिशेब केला. गुरुवारी पोचायचे, रविवारी निघायचे. रात्री तीन. पाहुणा तीन दिवसांचाच बरा. त्यातला आग्र्याचा दिवस आपोआप शुक्रवार आला. निघताना ह्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक पाकीट होते. आपल्यासाठी होणारा सगळा खर्च अंदाजाने त्यात घातलेला. परत येताना ते गुपचूप लेकीच्या देवघरात ठेवायचे, असा बेत होता. मला न सांगता केलेला. पण चाळीस वर्षांच्या संसारात कोटाचे खिसे काय बायकोपासून लपतात?

असो. तर ताज बंद. जावई कामानिमित्त परगावी, त्यामुळे आम्ही तिघेच. लेक बिचारी ओशाळली. मी म्हटले, "अगं, किल्ला तर उघडा आहे!" मग किल्ल्याकडे निघालो. समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. १६६६ साली औरंगजेबाच्या पहाऱ्यातून महाराज निसटले ते याच गावातून, ही आठवण मराठी माणसाला इथे कोणी करून द्यावी लागत नाही. ह्यांनी टोपी काढून नमस्कार केला. किल्ल्याच्या सज्जातून यमुनेच्या वळणावर ताज दिसला. दुरून, थोडा धुरकट. "झालं दर्शन," हे म्हणाले, "आता परतीची गाडी लवकरची मिळते का पाहू."

तेवढ्यात रिक्षावाल्याने आपला हुकमाचा पत्ता टाकला. "बाबूजी, बेबी ताज दिखाता हूँ. नदी के उस पार."

बेबी ताज! हे नाव ऐकून मला वाटले, कोणी ताजची छोटी नक्कल केली असेल, जत्रेतल्या देखाव्यासारखी. लेक हसली. "आई, उलट आहे. ताजपेक्षा ती थोरली आहे." मग पूल ओलांडेपर्यंत तिने नातेसंबंध उलगडून सांगितले. या इमारतीत पुरलेला माणूस म्हणजे मिर्झा घियास बेग, जहांगीर बादशहाचा वजीर. 'इतिमाद-उद्-दौला' हा त्याचा किताब. राज्याचा भरवसा, असा त्याचा अर्थ. त्याची मुलगी नूरजहान. त्याचा मुलगा आसफखान. आणि त्या आसफखानाची मुलगी मुमताजमहल. म्हणजे ताजमध्ये निजली आहे ती नात आणि इकडे आहेत ते आजोबा! मुमताज वारली १६३१ साली, ताज त्यानंतरचा. आजोबांची कबर १६२२ ते १६२८ या सहा वर्षांत उभी राहिली. आजोबांच्या घराला नातीच्या घराचे बाळ म्हणायचे, हा न्याय फक्त रिक्षावाल्यांच्याच दरबारात होऊ शकतो.

तांबड्या दगडाच्या दरवाजातून आत गेलो आणि मी थांबलेच. समोर सरळ फरसबंद वाट, दोहों बाजूंना बाग, मध्ये पाण्याचे पाट. बागेच्या ऐन मध्यावर एक पांढरी चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांना चार बुटके अष्टकोनी मनोरे. ताजसारखा फुगीर घुमट नाही. वर जाळ्यांनी वेढलेली एक नाजूक चौकोनी मेघडंबरी. एक बाजू सुमारे ७० फुटांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाड्याएवढी, जास्त नाही. दुरून पाहावे तर हस्तिदंती पेटी कोणीतरी बागेत विसरून गेले आहे असे वाटते. जवळ गेल्यावर मात्र डोळे कुठे ठेवावेत कळत नाही. बोटभरही भिंत कोरी सोडलेली नाही.

बाहेरच्या अंगाला सारे दगडाचे काम. संगमरवरात आकृतीच्या मापाचे खळगे कोरायचे, त्यात रंगीत दगडाचे पातळ तुकडे घासूनपुसून बसवायचे, असे की नख फिरवले तरी सांधा लागू नये. याला पच्चीकारी म्हणतात. ताजमहालातल्या प्रसिद्ध जडावकामाची वाट इथेच मोकळी झाली, असे जाणकार मानतात. पिवळा, तपकिरी, काळा, करडा असे मातीच्या कुळातले रंग. आणि त्या रंगांत काय? षट्कोन, त्यांच्यात अडकलेल्या चांदण्या, चांदण्यांमधून निघालेले पुन्हा षट्कोन.

मी पाहतच राहिले. हे तर माझ्या ओळखीचे होते! "अहो," मी म्हटले, "ही सात ते चारची रांगोळी आहे."

वाचकभगिनींना सांगायला नको. ज्या वाचकबंधूंनी कधी रांगोळीची चिमूट धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. मध्ये सात ठिपक्यांची ओळ काढायची. तिच्या वर सहा, पाच, चार आणि तसेच खाली सहा, पाच, चार. प्रत्येक ठिपका वरच्या दोहोंच्या मधोमध. एकूण ठिपके ३७. बाहेरचे ठिपके जोडले की षट्कोन होतो. आतले एकाआड एक जोडत गेले की चांदण्या उमलतात. माझ्या आईने मला हे शिकवले, मी लेकीला. दिल्लीच्या तिच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या हातभर जागेत, तीही दिवाळीत हेच काढते.

ह्यांनी चष्मा सारखा केला. "ठिपके कशाला? कंपास पुरे," हे म्हणाले. "वर्तुळ काढ. कंपासचं माप तेच ठेवून परिघावर खुणा करीत जा. बरोबर सहा खुणा बसतात, कमी नाही, जास्त नाही. त्या जोडल्या की षट्कोन. आणि ती आठ टोकांची चांदणी बघ. एक चौकोन सरळ, त्याच्यावर दुसरा अर्ध्या काटकोनात फिरवलेला. झालं!" मग आम्ही दोघे भिंतीसमोर उभे राहून भांडलो. मी ठिपक्यांनी, हे कंपासने. लेक मध्ये उभी राहून हसत होती. आकृती मात्र दोघांचीही एकच येत होती.

मी ह्यांना कोपरे दाखवले. रांगोळी असो की भरतकाम, किनार सरळ जाते तोवर कोणीही काढील. ती कोपऱ्यावर वळते तिथे हात कळतो. तिथे अर्धी चांदणी तुटली की समजावे, आधी मोजले नव्हते. मी एकामागून एक पाच-सात कोपरे तपासले. कुठेही नक्षी तुटलेली नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

पादत्राणे बाहेर ठेवून आत गेलो. बाहेर ऊन आणि दगड. आत एकदम सावली आणि रंग. जाळीतून झिरपणाऱ्या उजेडाला डोळे सरावले आणि ध्यानात आले की इथे दगडाचे राज्य कमरेच्या थोडे वरपर्यंतच आहे. त्यावरच्या भिंती गिलाव्याच्या, आणि त्या गिलाव्यावर चित्रे. कोनाड्या-कोनाड्यांतून फुलांनी भरलेल्या फुलदाण्या, उंच मानेच्या सुरया, झाकणाचे पेले, फळांनी भरलेली तबके, सरूची सरळसोट झाडे आणि त्यांना बिलगलेल्या फुलांच्या डहाळ्या. छताकडे पाहावे तर बाहेरची भूमिती पुन्हा हजर, पण आता सोनेरी वर्खात आणि रंगांत. चांदण्यांचे जाळे भिंतीवरून चढत चढत माथ्यावर जाऊन मिळते. रंग बऱ्याच ठिकाणी विटले आहेत, कुठे गिलावाच सुटला आहे, सोने काळवंडले आहे. पण एखाद्या कोपऱ्यात लाल आणि निळा अजून असा ताजा आहे, की चितारी नुकताच कुंचला धुवायला गेला असावा.

एका तबकातल्या फळावरून आमचे पुन्हा वाजले. मी म्हणते डाळिंब, हे म्हणतात सफरचंद. रखवालदाराला विचारले तर तो म्हणाला, "जन्नत का फल है, माँजी." खटला निकालात निघाला.

पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मोगल बाग म्हणजे स्वर्गाचा नकाशा. चार भाग, मध्ये वाहते पाणी. त्या बागेच्या मध्यभागी हे घर, आणि घरात न कोमेजणारी फुले, न संपणारी फळे. मी मात्र पाहता पाहता स्वर्ग विसरले. मला ते एक भरलेले घर दिसू लागले. पाहुणा येणार म्हणून कोणीतरी कोनाडे झाडून त्यांत फुले ठेवली आहेत, सुरई भरली आहे, फळे मांडली आहेत. किल्ले आणि महाल पुष्कळ पाहिले. त्यांत दरारा असतो, ऐट असते. इथे घरपण होते.

मध्यभागी पिवळसर दगडाच्या दोन कबरी. शेजारी शेजारी. एक घियास बेगची, दुसरी त्याच्या बायकोची, अस्मत बेगमची.

लेकीने हळू आवाजात त्यांची हकीकत सांगितली. घियास बेग इराणातून नशीब काढायला निघाला तेव्हा त्याच्याजवळ काही उरले नव्हते. वाटेत होते-नव्हते तेही लुटले गेले. बायकोचे दिवस भरत आलेले. १५७७ साली कंदाहारला त्यांना मुलगी झाली. तिला सांभाळण्याचीही ऐपत नव्हती म्हणून त्यांनी तिला वाटेवर सोडले आणि काफिल्यातल्या कोणी परत आणून दिली, अशी एक दंतकथा आहे, दंतकथाच ती. मुलीचे नाव मेहरुन्निसा. घियास बेग अकबराच्या चाकरीत चढत गेला, जहांगीराच्या वेळी वजीर झाला. विधवा झालेल्या मेहरुन्निसेशी १६११ साली जहांगीराने लग्न केले आणि ती नूरजहान झाली.

"आणि आई, त्या सुरया बघितल्यास ना? गुलाबदाण्यासुद्धा आहेत त्यांच्यात. ही अस्मत बेगम घरी गुलाबपाणी काढायची. गरम गुलाबपाणी ताटल्यांत ओतलं की वर तेलकट साय धरते, हे तिच्या लक्षात आलं. ती साय तिनं थोडी थोडी करून जमवली. तेच गुलाबाचं अत्तर. जहांगीरानं आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. त्यानं सासूला मोत्यांची माळ दिली आणि सलीमा बेगमनं अत्तराचं नाव ठेवलं इत्र-इ-जहांगिरी."

मी पुन्हा भिंतीकडे पाहिले. चितारी नेहमीचीच नक्षी काढत असेल. अशा सुरया आणि गुलाबदाण्या त्या काळी इराणपासून इकडे पुष्कळ ठिकाणी काढत. पण नूरजहान जेव्हा इथे येऊन उभी राहिली असेल तेव्हा तिला त्या गुलाबदाणीत आईचा हात दिसला नसेल काय? सायीवरचे लोणी काढावे तसे अत्तर काढणारी आई!

ऑक्टोबर १६२१ मध्ये अस्मत बेगम वारली. घियास बेगने वरून धीर दाखवला, कामकाज चालू ठेवले. पण आतून तो खचला होता, असे जहांगीरच लिहितो. पुढे चार महिनेही गेले नाहीत. जानेवारी १६२२ मध्ये तोही गेला. त्याची सारी मालमत्ता बादशहाने नूरजहानला दिली. आणि तिने हे घर बांधले.

हे इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुलगे नव्हते का त्याला?"

"होते ना, बाबा. आसफखान होता. चांगला मोठा सरदार, पुढे शहाजहानचा वजीर झाला. पण हे बांधलं मुलीनं."

हे काही बोलले नाहीत. कबरीभोवती एक फेरी घालून पुन्हा त्या फळांच्या तबकासमोर जाऊन उभे राहिले.

कोणी म्हणेल, हाती सत्ता होती, पैसा होता, तिने आपला डौल मिरवला. असेल. नूरजहान काही साधीभोळी बाई नव्हती. बादशहाच्या नौबतीनंतर तिची नौबत झडे, तिच्या नावाची नाणी पडत. पण डौलच मिरवायचा तर नवऱ्याच्या घराण्यासाठी बांधून जास्त मिरवता आला असता. माहेरच्या दोन म्हाताऱ्या जिवांसाठी, एकेका फुलाची पाकळी दगडात बसवत, सहा वर्षे कोण बांधत बसतो? आपल्याकडे मुलगी सासरी गेली की माहेरचे देणे-घेणे एकाच दिशेने वाहते. साडीचोळी इकडून तिकडे. तिकडून इकडे काही आले तर आपला हात मागे येतो. त्या घराने मात्र लेकीचे घेतले. मरणानंतर का होईना, अंगभर घेतले.

पुढे नूरजहानचे दिवस फिरले. १६२७ साली जहांगीर गेला, शहाजहान तख्तावर आला. तिने उरलेली वर्षे लाहोरला तनख्यावर काढली आणि १६४५ साली ती गेली. लाहोरजवळ शाहदऱ्याला तिची कबर आहे. तिच्या शेजारी बादशहा नाही. जहांगीराची कबर जवळच, पण वेगळ्या बागेत. नूरजहानच्या शेजारी आहे ती लाडली बेगम, तिची पहिल्या लग्नाची एकुलती एक मुलगी. आई-बापांना शेजारी शेजारी निजवणाऱ्या बाईच्या शेजारीही अखेर लेकच आहे.

मागच्या बाजूला नदीकाठी तांबड्या दगडाचा एक मंडप आहे. तिथे आम्ही टेकलो. खाली यमुना, बारीक आणि मळकट, काठावर म्हशी, मंडपावर माकडे. त्यांतल्या एकाने माझ्या हातातली शेंगदाण्यांची पुडी इतक्या सराईतपणे घेतली की जणू ते तिकिटाचे पैसेच वसूल करत होते. ऊन कलले तशी पांढरी भिंत आधी पिवळी आणि मग केशरी झाली. चांदण्या पुसट झाल्या, सुरया तेवढ्या उठून दिसू लागल्या.

बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेतला. तीन चहा आणि बिस्किटांचा पुडा. पैसे द्यायची वेळ आली की ह्यांचा हात सवयीने कोटाच्या आत जातो. दिल्लीत उतरल्यापासून बापलेकीची ही झटापट मी दर वेळी पाहत होते. आताही हात गेला. मी श्वास रोखून पाहत होते. हात बाहेर आला तो रुमाल घेऊन. ह्यांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "चहा चांगला होता. आणखी एक घेऊ या का?"

लेकीने दुसऱ्या चहाचेही पैसे दिले. तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मी लिहीत नाही. ज्यांना लेक आहे त्यांना कळेल.

रविवारी निघताना ते पाकीट देवघरात गेले नाही. तसेच परत आले. सध्या आमच्या कपाटात आहे, त्यातून परवा दिल्लीची दोन तिकिटे निघाली. यंदाची भाऊबीज आटोपली की आम्ही जात आहोत. तीन रात्री नव्हे, चांगले पंधरा दिवस. शेवटी ताज पाहायचा राहिला आहे, ही सबब भक्कम आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे मोठ्या तोंडाने ती सांगतात.

काल संध्याकाळी कॅलेंडर घेऊन बसले होते. आग्र्याच्या दिवसाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. मी वाकून पाहिले.

"अहो, हा तर शुक्रवार!"

"असू दे," हे म्हणाले, आणि पेन्सिल खिशाला लावली. "राहिला तर राहिला. पुढच्या वर्षी परत जाता येईल."